पुठ्ठ्याची हॅट

स्वातंत्र्याला साठ वर्षं झाली म्हणून लंडनमधल्या हॅरोतल्या मराठी मंडळासाठी अलकाने मुलांचं नाटक बसवलं. इंग्रज कलेक्टर व्हायला एकही पोरगं तयार होईना, तेव्हा तिने शेजारच्या म्हाताऱ्या रॉनला गळ घातली. पंधरा ऑगस्टला तो पुठ्ठ्याची हॅट घालून स्टेजवर आला. "गो बॅक," मुलं ओरडली, कागदाचे बोळे बरसले आणि बघता बघता सगळा हॉल ओरडू लागला. सगळ्यात मोठा आवाज अलकाचा, तो एकाएकी थांबला. तीस वर्षांपूर्वी बसस्टॉपवर ती साडी नेसून उभी असताना गोरी पोरं तिच्यावर हेच ओरडली होती, आणि मध्ये येऊन उभा राहिला होता तो हाच रॉन. पडदा पडल्यावर त्याने हॅट तिच्या हातात दिली. तिला मान वर करवेना. "मुलांचा राग अगदी खरा वाटला," तो कौतुकाने म्हणाला. "कसा शिकवलास?"