दादाला दाखवलेला शेवट

"गुडघे टेकायला लावले, बाई! आपल्या सेनापतीला!" वेल्डरने चहाचा ग्लास खोक्यावर आपटला. "इतकी वर्षं दुसऱ्या भागाची वाट बघितली ती ह्यासाठी? काल पहिला शो बघून आलो, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही."

"मीही कालच बघितला," मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाची मालकीण म्हणाली. "जिचं पोर त्याने मारलं त्या म्हातारीसमोर तो तलवार टाकतो. त्याला दम लागतो."

"तुमचा मान राखून सांगतो, त्याला दम लागत नाही. दिग्दर्शक सडका लागतो."

"ऐकून घेतलं. पटलं नाही. चहा प्या."

दादा एका मोटरीच्या खाचांत तांब्याची तार बसवत होता. सगळं काम बोटांनी. तो जन्मापासून आंधळा. तो हसला.

"काय बरळताय दोघं? सेनापती कुठे टेकतो गुडघे? म्हातारीला बाजूला सारतो, राजाचं मुंडकं उडवतो आणि सिंहासनावर बसतो. मीही काल तिथेच होतो की!"

दोघांनीही धाकट्याकडे बघितलं.

धाकटा म्हणजे दादाचा सख्खा भाऊ. कोपऱ्यात मोटरीच्या खाचांत घालायचे पुठ्ठे कापत बसलेला. लहानपणापासून तो दादाच्या कानाला तोंड लावून, मागच्या रांगेच्या शिव्या खात, त्याला पिक्चर दाखवत आला होता. 'सांगितला' असं ते दोघं कधी म्हणत नसत. 'दाखवला' असंच म्हणत. ह्या दुसऱ्या भागाच्या शेवटी एकही संवाद नाही, नुसता ढोल. तिथे धाकट्याला रान मोकळं मिळालं होतं.

दादाची बोटं थांबली.

"तलवार खाली पडल्याचा आवाज आला मला. तू म्हणालास, राजाची आहे. शिट्टी एकही वाजली नाही. तू म्हणालास, लोक सुन्न झालेत."

"झालेच होते," वेल्डर पुटपुटला.

"मला नाही आवडलं ते," धाकटा म्हणाला. "तुझा केवढा जीव त्या सेनापतीवर. म्हटलं, तुला कशाला तसला दाखवायचा?"

"उद्या समोरून येणारा ट्रक आवडला नाही, तर तोही गाळशील?"

वेल्डरने हसू ग्लासात लपवलं. धाकट्याची मान खाली गेली. दादाला ती दिसली नाही आणि तसं सांगणाराही तोच होता.

"लोक मला सगळं देतात रे," दादा म्हणाला. "बसायला जागा देतात. हळहळ तर पोत्याने देतात. फक्त खरं काय ते मागे ठेवून घेतात. तू त्यांच्यातला नव्हतास. आता तू म्हणालास ही वायर लाल आहे, तर मी बाईंना विचारून खात्री करू?"

"दादा, असं नको ना बोलूस."

"मग दाखव. खरा शेवट. आत्ता, इथे."

धाकटा सांगू लागला. "राजवाडा जळतोय. म्हातारी पायरीवर बसलीय. सेनापती येतो. तलवार टाकतो आणि भिकारड्यासारखा..."

"भिकारडा हे तुझं मत. मत मला पाहिजेच, पण मागाहून. आधी गुडघे. एक टेकला का दोन्ही?"

"दोन्ही."

"मान?"

"खाली."

"मग?"

मालकिणीला राहवलं नाही. "मग ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते."

"हात कुठला ठेवते, बाई? ढकलते त्याला!"

"ढकलते? अहो, बोटं त्याच्या केसांत होती तिची."

"ढकलायलाच धरले होते केस! हे बघा, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणणार नाही. पण माझे काय डोळे फुटले होते?" वेल्डरने जीभ चावली. "माफ कर, दादा."

"फुटू देत. मजा येतेय." दादा पुढे सरसावून बसला होता. "पडदा एक, धडधाकट डोळ्यांचे दोघं, आणि म्हातारी अजून अडकलेलीच." त्याने तोंड कोपऱ्याकडे वळवलं. "तू सांग. हात ठेवला का ढकललं?"

मालकीण धाकट्याकडे बघत राहिली. वेल्डरही. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं, अर्धं दुकान त्याच्या बाजूने उभं राहिलं असतं. धाकट्याने कात्री खाली ठेवली.

"माहीत नाही, दादा. त्याने गुडघे टेकले आणि मी डोळेच मिटून घेतले. पुढचं सगळं मिटल्या डोळ्यांनी सांगत होतो."

मग दादाने हातातली तार सोडली आणि बोटं फडक्याला पुसली.

"म्हणजे शेवट आपण दोघांनीही बघितलेला नाही," तो म्हणाला. "बाई, दुपारची सुट्टी पाहिजे."

तो उठला, कोपऱ्याच्या दिशेने त्याने हात पुढे केला आणि धाकट्याचं कोपर हाताला लागेपर्यंत तो तसाच धरून उभा राहिला.