तीन फुटांचा फरक

“बेचाळीस,” मनोऱ्याच्या माथ्यावरून मुकादमाने आकडा सांगितला.

टेपचे टोक पायथ्याशी दाबून बसलेल्या तरुण इंजिनिअर बाईंनी मान वर केली. “सर, तुमच्या नोंदवहीत पंचेचाळीस आहे.”

“पुन्हा मोजा,” वही धरून पायरीशी उभा असलेला म्हातारा म्हणाला. आवाजात राग नव्हता. बायको गेल्याला अकरा महिने झाले होते आणि तेव्हापासून त्याच्या आवाजात काहीच उरले नव्हते. सकाळी त्याने बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या, बस पकडली होती, टेकडी चढली होती. हे सगळे दुसऱ्या कुणाकडून करवून घेतल्यासारखे झाले होते.

पुन्हा मोजले. बेचाळीसच भरले.

“आम्ही आपली पंचेचाळिसाच्या हिशेबानं परांची आणली,” मुकादम वरून म्हणाला. “मधले तीन फूट कुणी गिळले, साहेब?”

तो हसला नाही. तो निवृत्त आरेखक होता. तीस वर्षे, सुट्टीच्या प्रत्येक दिवशी, कुणी वास्तपुस्त करत नाही अशा इमारती तो शोधत हिंडला होता. ओसाड जकात नाके, धान्याची कोठारे, बंद पडलेली पंपघरे. हा मनोरा त्यांतलाच. तारायंत्र येण्याआधी इथून लाकडी हात हलवून पलीकडच्या टेकडीला निरोप कळवत. अशा दोनशे बारा इमारती त्याच्या वहीत होत्या. त्या वहीच्या भरवशावर खात्याने आता दुरुस्तीचे काम काढले होते.

मोजण्याची त्याची रीत साधी होती. लांब काठी बसमध्ये घेऊ देत नसत. बायको मात्र बरोबर असायचीच. ती दाराशेजारी भिंतीला टेकून उभी राही, तो दुरून फोटो घेई. घरी आल्यावर फोटोतल्या तिच्या उंचीएवढे कर्काटक उघडून तो पायापासून छपरापर्यंत ती किती वेळा बसते ते मोजी. ती बरोबर पाच फूट होती. लग्नाच्या वर्षी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारून त्याने खात्री करून घेतली होती. वहीच्या पहिल्या पानावर सुबक अक्षरात लिहिले होते: माप, पत्नी, पाच फूट.

“माझ्यावाचून तुमच्या इमारती किती उंच, ते देवालाही कळायचं नाही,” ती म्हणायची.

“सर, रागावू नका,” बाई उठून जवळ आल्या. “मी आणखी काही इमारती मोजून पाहिल्या. जुन्या नोंदी इंचाइंचानं जुळतात. गेल्या सहा वर्षांतल्या जुळत नाहीत.”

“हात थरथरतो हल्ली. चष्माही बदलायला झालाय.”

“हात थरथरला तर चूक दोन्ही बाजूंना झाली असती. तुमच्या सगळ्या इमारती जास्तच उंच आहेत. आणि दर वर्षी थोड्या थोड्या जास्त.” त्यांनी हातावरची धूळ झटकली. “चूक कुठली ते कळलं, तर बाकीच्या नोंदी सुधारून घेता येतील. नाहीतर खात्यातले आमचे साहेब अख्खी वहीच बाद करतील. मग या इमारतींकडे कोण बघणार?”

त्याने पिशवीतून फोटो काढला. दोन वर्षांपूर्वीचा. मनोऱ्याच्या दाराशी ती नखाएवढी दिसत होती. तो पायरीवर बसला. थर्मासमधला चहा गार झाला होता. त्याने तो तसाच प्यायला. मग कर्काटक काढून तिच्या पायांशी एक टोक ठेवले, डोक्याशी दुसरे. एक, दोन, तीन. हात मुळीच थरथरला नाही. नऊ वेळा. नवापाचे पंचेचाळीस. कुठेही चूक नव्हती.

स्वयंपाकघरातला स्टूल त्याला उगाचच आठवला. फडताळाखाली तो कधी आला, कुणी आणला, हे त्याने कधी विचारले नव्हते. एकदा पायाला लागला म्हणून त्याने तो बाहेर नेऊन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जागेवर होता.

त्याने पेन्सिल उचलली आणि फोटोच्या पाठीवर हिशेब उलटा मांडला. बेचाळीस भागिले नऊ.

चार फूट आठ इंच.

वरून मुकादमाने टेप खाली सोडली. ती सळसळत येऊन त्याच्या बुटांशी पडली.

“इमारती बरोबर मोजल्यात,” शेवटी तो म्हणाला. “माप कमी होत गेलं.”

“कुठलं माप?”

त्याने वहीचे पहिले पान उघडून बाईंच्या हाती दिले. त्यांनी ते वाचले. मग फोटो पाहिला, फोटोच्या मागचा आकडा पाहिला. वही आता बाद होणार नव्हती. प्रत्येक वर्षाची एक इमारत मोजली की त्या त्या वर्षी बायको किती उरली होती, ते इंचात कळणार होते.

त्याने दाराकडे पाहिले. भिंतीला टेकून तिथे कुणी उभे नव्हते.

“सरळ उभी राहा ना,” त्या दिवशी फोटो घेताना तो दोनदा ओरडला होता.

“सरळच उभी आहे,” ती म्हणाली होती.