चौथं माणूस

गणित हसतखेळत शिकवायचं, हा नव्या बाईंचा हट्ट. घरात जेवढी माणसं, तेवढी कागदी माणसं कापून तक्त्यावर आपल्या नावापुढे चिकटवायची, असा आजचा खेळ. कोपऱ्यातल्या मुलीनं चार चिकटवली. “बाई, हिच्या घरी तीनच माणसं!” बाकावरची शेजारीण ओरडली. “मग चौथं काय आभाळातून पडलं? नीट मोज बघू!” बाई म्हणाल्या आणि वर्ग खिदळला. मुलीनं बोटांवर मोजलं, चौथं माणूस हळूच सोलून काढलं आणि कंपासपेटीत ठेवलं. शाळा सुटल्यावर तिला न्यायला आलेली आई बाईंकडून हे ऐकून म्हणाली, “हिचा दादा जाऊन महिना झाला. जेवताना ही अजून चार पेले मांडते.” मुलीचा हात धरून बाई तक्त्यापाशी परतल्या, डिंकाची बाटली उघडली. “परत लाव गं, बाळा.” “नको बाई,” मुलगी म्हणाली, “आता उत्तर बरोबर आलंय.”