पंगतीतले डावे हात

बासुंदी वाढता वाढता वधूपिता सुहासराव थबकले. विहीणबाईंच्या डाव्या हाताची नखं चक्क निळी झाली होती! पोटात रोगजंतू उतरले की लहानपणी सगळ्यांना टोचलेली लस डाव्या नखांवर असा रंग दाखवायची. लगेच सांगितलं तर एका गोळीत निभायचं, उशीर झाला तर माणूस हातचा जायचा.

"अहो, बोलला का नाहीत?"

"भरल्या पंगतीत तुमची शोभा करू, व्याहीबुवा?" विहीणबाईंनी हात पदराखाली ओढला.

सुहासरावांनी घाबरून रांगेवर नजर फिरवली. अख्खी पंगत डावा हात मांडीखाली दाबून मुकाट भुरके मारत होती.

जन्मात अन्नाला पाय न लावलेल्या सुहासरावांनी बासुंदीचं पातेलं लाथेने उलथलं. "हात वर करा! मानपान गेला खड्ड्यात!"

एकेक निळा हात वर आला. सगळ्यांत शेवटी, मान खाली घालून, त्यांच्या लेकीचा, नवरी रेवाचा.