फाटकाजवळचं स्टूल

नेव्हिल रोजच्यासारखा गाड्या बघायला रुळांच्या फाटकापाशी घडीच्या स्टुलावर बसला होता. फेनच्या, म्हणजे दलदल उपसून काढलेल्या प्रदेशातल्या, सपाट काळ्या शेतांपलीकडे, आभाळ टेकतं तिथे, इंजिनाचा दिवा लुकलुकला. इतक्या दुरून तो जागचा हलतोय असं वाटतच नाही, आणि बघता बघता अंगावर येतो. नेव्हिल कॅमेरा घेऊन उठायला गेला, तर डावा पाय उचलेना. हातातला चहाचा कप गळून पडला. हाक मारायला गेला, तर जीभच वळेना.

तेवढ्यात रुळांपलीकडच्या फाटकाशी तिथल्या शेतकरीण थेल्माचा ट्रॅक्टर येऊन थांबला, मागे बीट भरलेली ट्रॉली. पंपघराच्या आडोशामुळे तिला त्या दिव्याच्या बाजूने येणारी गाडी दिसत नसे. इथे फाटक ज्याचं त्यानेच उघडायचं, पण आधी सिग्नलवाल्याला विचारून; त्यासाठीचा फोन फाटकालाच लावलेला होता.

'उचल, बाई, तो फोन उचल!' नेव्हिल मनातल्या मनात किंचाळला.

थेल्माने फोनकडे बघितलंसुद्धा नाही. तिने नेहमीसारखं नेव्हिलकडे बघितलं आणि हसत हसत फाटक ढकललं.

"बसलायस ना अजून? मग रूळ मोकळाच! गाडी येताना तू कधी बसून राहिलायस का रे, म्हाताऱ्या?"