घायपाताचं पिल्लू

काटेकाका गुडघे टेकून घायपाताच्या बुंध्याशी माती उकरत होते. हाताला पिल्लू लागत नव्हतं. काल नव्हतं, परवा नव्हतं, आजही नव्हतं. वर आभाळात तुरा विजेच्या खांबासारखा ताठ उभा होता आणि खाली पानं एकामागून एक मान टाकत होती.

घायपात जन्मात एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो. तुरा कापून टाकला तरी वाचत नाही. हे काकांना चांगलं ठाऊक होतं. एरवी त्याचं कुणी फार मनावर घेत नाही, कारण जाताना झाड मुळाशी पिल्लं ठेवून जातं. ती काढायची, दुसऱ्या कुंडीत लावायची, की झालं. काकांच्या झाडाला मात्र एकही पिल्लू नव्हतं, कारण काकांनीच ते राहू दिलं नव्हतं.

झाडच तसं होतं. पानाच्या मधोमध पांढराशुभ्र पट्टा, दोन्ही बाजूंना हिरवी किनार आणि टोकाला काळा काटा. असं झाड आसपास कुणाकडे नव्हतं आणि कुणाकडे जाऊ नये म्हणून काका डोळ्यांत तेल घालून पहारा देत. पिल्लाने मातीतून डोकं वर काढायचा अवकाश, काका सुरी घेऊन हजर. नुसतं काढून ते थांबत नसत. कचऱ्यातून कुणी उचलेल म्हणून भाजी चिरावी तसं चिरून टाकत. सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेली. समोरचा माणूस आपल्याला फसवणार, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. काटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे, ते गल्लीने ठेवलेलं नाव. झाडावरून ठेवलं की स्वभावावरून, हे विचारायच्या भानगडीत काका कधी पडले नाहीत.

एकदाच एक पिल्लू त्यांच्या हातून निसटलं होतं. तेव्हा काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. पलीकडच्या घरातल्या नर्सबाई रोज येऊन त्यांना इंजेक्शन देत, त्यांची वेणी घालत, दोन गोष्टी बोलून त्यांना हसवत. एका संध्याकाळी काकांनी बुंध्याशी पिल्लू पाहिलं, उद्या काढू म्हणाले, आणि सकाळी तिथे नुसता खड्डा. मधल्या वेळात घरात नर्सबाईंशिवाय चिटपाखरू आलं नव्हतं. काकांनी त्यांना फाटकातच गाठलं.

"इंजेक्शन द्यायला येता की झाडं न्यायला?"

नर्सबाई खाली मान घालून आत गेल्या आणि इंजेक्शन देऊन आल्या वाटेने परत गेल्या. काकू होत्या तोवर त्या येत राहिल्या, पण काकांशी त्यांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. पुढे काकांनी समोरच्या घराशी गटारावरून आणि मागच्या घराशी मांजरावरून भांडण काढलं. धाकटा भाऊ यायचा, त्यालाही काहीबाही बोलले. मग फाटकाची कडी वाजायची थांबली.

काकू गेल्यापासून काकांच्या बोलण्याला एवढा एकच जीव उरला होता. सकाळी चहाचा कप घेऊन ते घायपातापाशी बसत, त्याला पेपर वाचून दाखवत आणि बातमीवर स्वतःच चिडत. काकू मऊ फडक्याने त्याची पानं पुसायच्या, तशी ते पुसत. आता हेही चाललं. उद्या चहा घेऊन बसायचं कुठे? मातीचे हात तसेच मांडीवर ठेवून ते बसून राहिले.

फाटकाची कडी वाजली. नर्सबाई उभ्या होत्या. केस पार पांढरे झालेले, हातात एक छोटी कुंडी. कुंडीत टीचभर घायपात, पानांच्या मधोमध पांढराशुभ्र पट्टा.

"गच्चीवरून तुरा दिसला, भावोजी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता जायला हवं."

काका कसेबसे उठले. पट्टा त्यांनी लांबूनच ओळखला. इतक्या वर्षांनी चोर सापडल्याचा आनंद क्षणभर त्यांच्या तोंडावर आला.

"म्हणजे तुम्हीच नेलं होतंत."

"मीच नेलं. वहिनींनी न्यायला लावलं. ते झाड माझ्या गच्चीवर आहे, हे त्याचं पिल्लू. एकही कुणाला दिलेलं नाही. तुम्हाला आवडत नाही ना, म्हणून."

काकांनी कुंडी हातात घेतली. आपल्या माणसाने आपल्या पाठीमागे आपलंच झाड वाचवलं होतं. काकांना स्वतःची लाज वाटली, तिची फार आठवण आली, आणि समोर बाई उभी आहे हे विसरून त्यांनी मातीच्याच हाताने डोळे पुसले.

"मी तुम्हाला नाही नाही ते बोललो," ते म्हणाले. "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"झाड जाईपर्यंत सांगायचं नाही, असा शब्द घेतला होता त्यांनी."

"झाडाची एवढी काळजी होती तिला."

नर्सबाईंनी मान हलवली.

"झाडाची नव्हती, भावोजी. त्या म्हणाल्या, हे एकेकाला तोडत जातील आणि झाड गेलं की अगदी एकटे पडतील, त्या दिवशी ह्यांच्या दारात यायला तुमच्याजवळ काहीतरी निमित्त असू दे."