गळ्यावरचे हात

गुलजारच्या टाचा वाळूत खड्डे पाडत होत्या. त्याच्या छातीवर डेल हॅरिगन बसला होता आणि हॅरिगनचे दोन्ही हात त्याच्या गळ्यावर होते. गुलजारचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. ओठांच्या कडेने फेस आला. त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो नबीलने आजवर फक्त बकरी ईदला ऐकला होता.

कॅमेरा चालू होता. शूटिंगच होतं ते. आखाती देशातल्या दुक्मच्या किनाऱ्यावर एक स्मगलर अमेरिकन हिरोच्या हातून मरतो, असा प्रसंग. पण मरण्याचं सोंग असं असतं होय?

नबील आणि गुलजार चुलत भाऊ. तिथल्या रिफायनरीत दोघंही लोखंडी पाइपांचं स्कॅफोल्डिंग बांधायचे. शूटिंगवाल्यांनी मचाणं उभारायला त्यांना मागून घेतलं आणि गुलजारची धिप्पाड छाती बघून त्याला थेट स्मगलरच केलं. दाभोळहून निघताना वजीराचाचीने लेकाचा हात नबीलच्या हातात दिला होता. "जसा नेतोस तसा परत आण," एवढंच म्हणाली होती. आता तिचा लेक त्याच्या डोळ्यांदेखत काळानिळा पडत होता.

हॅरिगन काही ऐरागैरा नव्हता. तरुणपणी टीव्हीच्या मालिकांत तो पहिल्या दहा मिनिटांतच मरायचा. कधी गोळीने, कधी सुऱ्याने, कधी घोड्याच्या टापांखाली. मरता मरताच नाव झालं आणि मग शेरीफची मोठी मालिका मिळाली. हिंदीत डब झालेली ती मालिका नबीलने दाभोळात शेजाऱ्यांच्या खिडकीत लटकून पाहिली होती. आता केस पांढरे झाले होते, पण माणूस दिलदार. आल्यापासून गुलजारला जवळ बसवून कसं पडायचं, कसं तडफडायचं ते शिकवायचा. गुलजारही त्याला लाडाने 'चाचा' म्हणू लागला होता.

आज मात्र सकाळपासून बिनसलं होतं. गळा दाबण्याचा प्रसंग काही केल्या जमेना. तरणाबांड डिरेक्टर सगळ्यांसमोर भोंग्यातून ओरडला. रिफायनरीच्या अल् खुवैरमधल्या ऑफिसातून दुभाषी म्हणून आलेल्या अमरीनने ते नबीलला हळूच मराठीत सांगितलं. "म्हणतोय, गळा दाबतोयस की मांजर कुरवाळतोयस? या वेळी जमलं नाही तर खलास. दुबईहून दुसरा नट बोलावणार."  हॅरिगन हात खिशात खुपसून समुद्राकडे बघत राहिला होता.

वड्याचं तेल वांग्यावर! नबीलच्या डोक्यात सणक गेली. म्हातारा अपमानाचा सूड पोरावर उगवत होता. खरोखर जीव गुदमरला तर वाळूवर दोनदा थाप मारायची, असं ठरलेलं होतं. पण थाप मारायला गुलजारचे हात मोकळे होते कुठे? दोन्ही हातांनी त्याने हॅरिगनची मनगटं घट्ट पकडली होती. सोडवायला धडपडत होता बिचारा, आणि ती मगरमिठी सुटत नव्हती.

नबीलने स्कॅफोल्डिंगचा पाइप उचलला आणि धावत जाऊन हाणला.

हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हॅरिगन कोलमडला. कोपराखालचा हात भलतीकडेच वळला होता. नबीलने पाइप पुन्हा उगारला तेवढ्यात माणसं त्याच्यावर तुटून पडली. एक बुक्का तोंडावर बसला, ओठ फाटला. कुणीतरी पाठीवर गुडघा रोवला. तोंडात वाळू आणि रक्त. "पोलीस बोलवा!" कुणीतरी किंचाळलं.

"बोलवा!" नबील खाली पडल्या पडल्या ओरडला. "माझ्या भावाला जिवे मारत होता तो! गळा बघा त्याचा!"

गळ्यावर बोटांचे वळ उठले होते. गुलजार उठून बसला, खोकत राहिला, काहीतरी बोलू लागला. पण आवाज फुटेना. डिरेक्टर हॅरिगनपाशी वाकला. खरंच दाबत होतास का, असं त्याने विचारलं. तुरुंग की सुटका, नबीलचं सगळं आता त्या एका उत्तरावर होतं.

हॅरिगनने गुलजारकडे पाहिलं. 

"हो," तो म्हणाला. अमरीन मराठीत सांगत गेली. "म्हणतोय, माझा तोल गेला. त्या माणसाला सोडा. त्याने भावाला वाचवलं. पोलीस नकोत."

डिरेक्टरने मॉनिटरवर तो प्रसंग पुन्हा पाहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथे चक्क आनंद आला. पाइप यायच्या आधीचं सगळं हवं तसं मिळालं होतं. "काय पकड आहे या वयात!" तो म्हणाला. "प्लास्टर बाहीखाली झाकू. हॅरिगनलाच ठेवायचं."

नबीलला सोडून दिलं. तो पिकअपच्या आडोशाला गेला, चूळ भरली आणि लाल पाणी वाळूत थुंकला.

"माणूस नाही, कसाई आहे साला," तो म्हणाला. "दुसराही हात मोडायला हवा होता."

मागून आलेल्या गुलजारने त्याची कॉलर धरली आणि त्याला पिकअपच्या पत्र्यावर आदळलं. गुलजार रडत होता. आवाज कापड फाटल्यासारखा येत होता.

"काय केलंस हे, नबीलभाई! काय केलंस!"

"अरे, त्याने स्वतः कबूल केलं! सगळ्यांसमोर!"

"मग काय सांगणार होता? चाचाच्या हातांत चहाचा कप ठरत नाही रे. बोटं लटलट कापतात. हे कळलं असतं तर आजच घरी पाठवला असता त्याला. म्हणून त्याची मनगटं मी धरली होती. माझा गळा मीच दाबत होतो."